चिंचेपलीकडची ओळ

लाल टोकाच्या काठ्या पुन्हा सरकल्या होत्या.

तवमलर जागच्या जागी थांबली. शनिवारी दुपारी काम आटोपून निघताना चिंचेचं झाड काठ्यांच्या बाहेर होतं. आज सोमवारी सकाळी ते आत आलं होतं. झाड काही चालत आलं नव्हतं. कुणीतरी सात काठ्या उपटून बारा-एक फूट पुढे, अगदी एका ओळीत ठोकल्या होत्या. वाऱ्यानं काठ्या पडतात, पण वारा त्या उपटून पुन्हा ठोकत बसत नाही.

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ.

नावल्कुळमच्या तलावामागून लढाईच्या दिवसांत घातलेला मातीचा उंच बांध गेला होता. लढाई संपून तीन वर्षं झाली, छावण्यांमधली माणसं परत येऊन पत्र्याखाली राहायला लागली, पण बांधाच्या पायथ्याला पुरलेले सुरुंग होते तिथेच होते. ते काढणाऱ्या संस्थेत वन्नीच्या मुलखातल्या पुष्कळ बायका कामाला लागल्या होत्या. पुरुष उरलेच होते किती! तवमलरचा नवराही त्या शेवटच्या महिन्यांत गेला होता. आता अडतिसाव्या वर्षी ती नऊ बायकांच्या गटाची प्रमुख होती. तोंडावर जाड काच, छातीवर चिलखतासारखा अंगरखा, हातात लांब दांड्याचं दाताळं. वीतभर माती ओढायची, बघायची, मग पुढची वीत. लाल काठ्यांच्या आत धोका, पांढऱ्या काठ्यांत तपासून झालेली जमीन. आणि लाल काठ्यांच्या पलीकडे? तिथे काही नाही, असं संस्थेच्या नकाशावर लिहिलं होतं. तिथे म्हाताऱ्या इलैयतंबी अप्पूंच्या शेळ्या चरायच्या.

तवमलर पलीकडून फिरून गेली, चिंचेखालून चालत तिनं सातही काठ्या काढल्या आणि जुन्या जागी ठोकल्या. कामावर देखरेख करणारे मासिलामणी सर यायच्या आत हे उरकायला हवं होतं. काठी हलली म्हणजे गटप्रमुखाचं लक्ष नाही, एवढाच अर्थ सर काढत.

काठ्या हलवत कोण असेल?

पहिला संशय अप्पूंवर जात होता, कारण जमीन त्यांची. पण माणूस आपल्या जमिनीची हद्द वाढवायला काठ्या हलवतो, घटवायला नाही. या काठ्या अप्पूंच्याच रानात घुसत होत्या. भंगार वेचणाऱ्यांचा संशय धरावा, तर त्यांना काठीतल्या लाकडात काय रस? मग उरली आपलीच माणसं.

दहाच्या सुट्टीत सगळ्या ताडपत्रीखाली चहाला बसल्या. पत्मानं गुळाचा खडा दाताखाली धरला आणि नेहमीसारखी सुरू झाली. पत्मा तवमलरच्याच वयाची. तोंड बंद ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"काय गं तवम, आज सकाळी सकाळी चिंचा पाडायला गेली होतीस का? डोहाळे लागलेत की काय?"

बायका खिदळल्या.

"तुझी जीभ एकदा दाताळ्यानं ओढून बघायला हवी," तवमलर म्हणाली. "काय काय सापडेल कोण जाणे."

पुन्हा हशा झाला. हसली नाही ती फक्त नकुला. ती कडेला पाठ ताठ ठेवून बसली होती आणि रानाकडे बघत चहा पीत होती. चार महिन्यांपूर्वी ती कामाला लागली. वय सव्वीस-सत्तावीस. आईबाप लढाईत गेले, मी वावुनियाला मावशीकडे होते, एवढंच तिनं सांगितलं होतं. बाकीच्या बसनं यायच्या, ती गावातच एका म्हातारीकडे खोली घेऊन राहायची आणि पायी यायची. तिचं काम पाहून तवमलरला पहिल्याच आठवड्यात चमकल्यासारखं झालं होतं. नव्या बायकांचे हात थरथरतात, माती ओढताना श्वास अडकतो. नकुलाचा हात कधी थरथरला नाही. आणि कितीही उकडलं तरी तिनं बाह्या कधी वर केल्या नाहीत.

"ती तिकडे सारखी काय बघत असते गं?" पत्मा हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज सगळ्यांना ऐकू जायचा. "शुक्रवारी ती चौकात त्या मोटरसायकलवाल्याशी बोलत होती. मी पाहिलं ना. तोच तो, इस्त्रीच्या शर्टातला, जो दुकानात बसून कोण कुठून आलं ते विचारत असतो."

बायकांनी चहाचे पेले खाली ठेवले. इस्त्रीच्या शर्टातली माणसं कुणाकडून पगार घेतात हे विचारायची कुणाला गरज नव्हती. लपवण्यासारखं काहीच नाही असं घर त्या मुलखात सापडलं नसतं. कुणाचा मुलगा लढाई हरलेल्या संघटनेत होता, कुणाची बहीण. कुणी दोनच दिवस होतं, तेही बळजबरीनं, पण सरकारच्या यादीत नाव न सांगता छावणीतून बाहेर पडलं होतं.

"वाट विचारत असेल तो," तवमलर म्हणाली.

"वाट? चौकात एकच तर वाट आहे!"

दुसऱ्या दिवशी तवमलर बसनं आली नाही. फटफटताना धाकट्या भावाच्या दुकानातली एक सायकल काढून ती बांधावर पोचली आणि तपासून झालेल्या तुकड्यात, बोरीच्या झुडपाआड बसून राहिली. सूर्य वर येत होता. तलावावर पाणकोंबड्या ओरडत होत्या. पाच-दहा मिनिटांतच गावाकडून नकुला आली.

काठ्यांकडे जायच्या आधी ती चिंचेच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. झाडाला पाठ लावली आणि पावलं टाकायला लागली. टाचेला चवडा लावून, ओठ हलवत. अकरा पावलांवर ती थांबली, समोरच्या गवताकडे बघत राहिली. मग वळली आणि आपल्याच पावलांवर पाय देत मागे आली. काठ्या उपटल्या, बारा फूट पुढे नेऊन ठोकल्या, एक डोळा मिटून रांग सरळ आहे की नाही ते पाहिलं. लपूनछपून केल्याची घाई कुठेच नव्हती.

तवमलरच्या मनात पहिला शब्द आला तो सोनं. पळताना लोकांनी दागिने पुरले होते. डब्यात, बाटलीत, झाडापासून पावलं मोजून. कितीतरी जण अजून शोधत होते. हिला कुणाच्या तरी पुरलेल्या डब्याचा पत्ता लागला असणार आणि जमीन अप्पूंच्या ताब्यात जायच्या आत ती काठ्यांच्या आत घ्यायची, म्हणजे तिथे दुसरं कुणी फिरकणार नाही. हिशेब जुळत होता.

नकुला गेल्यावर तिनं काठ्या मागे आणल्या.

संध्याकाळी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि सुक्या मासळीचं कालवण वाढता वाढता तिनं सगळं कुगनला सांगितलं. कुगन, म्हणजे तिचा धाकटा भाऊ कुगदास, चोवीस वर्षांचा. लढाईनंतर गावी परतल्यावर दुसऱ्याच महिन्यात गुरांमागे गेला आणि पुलाजवळच्या सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली गमावून बसला. आता घरापुढेच सायकली दुरुस्त करायचा.

"सोनं असतं तर तिनं एव्हाना उकरलं असतं," तो म्हणाला. "पहाटे एकटी जाते ना? मग खणत का नाही?"

"भीती वाटत असेल."

"जिला भीती वाटते ती टाचेला चवडा लावून चालते होय? अक्का, तू सोन्याचा विचार करतेस कारण तुला ते सोपं वाटतं."

"आणि अवघड काय ते तू सांग."

कुगननं घास मोडला. "मला काय विचारतेस? मी पंक्चर काढणारा माणूस."

बुधवारी इलैयतंबी अप्पू नवं धोतर नेसून कामावरच हजर झाले. सत्तरीचा माणूस, लुकडा, पण आवाज तलावापार जाणारा. त्यांच्या हातात सरकारी कागद होता.

"मिळाला! जमीन मोकळी आहे म्हणून लिहून मिळालं! शनिवारी ट्रॅक्टर सांगितलाय. पावसाच्या आत नांगरट उरकतो. आणि पोरींनो, तुमच्या त्या काठ्या जरा आवरा. परवा पाहिलं तर माझ्या चिंचेपलीकडे आल्या होत्या. झाड माझ्या बापानं लावलंय!"

मासिलामणी सरांनी तवमलरकडे पाहिलं. "चिंचेपलीकडे?"

"शेळ्यांनी पाडल्या असतील सर," ती म्हणाली. "मी नीट करते."

"माझ्या शेळ्या?" अप्पू ओरडले. "माझ्या शेळ्या तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत!"

बायका हसत असताना तवमलरची नजर नकुलावर होती. ट्रॅक्टर हा शब्द ऐकताच तिच्या हातातलं दाताळं आधी थांबलं होतं आणि मग मातीला टेकलं होतं. चार महिन्यांत ते दाताळं असं मधेच थांबलेलं तवमलरनं पहिल्यांदा पाहिलं.

काम सुटल्यावर तिनं नकुलाला हौदाशी गाठलं. बाकीच्या बसकडे निघाल्या होत्या.

"काठ्या तू हलवतेस. मी पाहिलंय, नाही म्हणू नको. काय पुरलंय तिथे? कुणाचं सोनं आहे?"

नकुला तोंडावर पाणी मारत होती. ते निथळू देत तिनं विचारलं, "सोनं?"

"मग काय?"

नकुलानं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. बसचा हॉर्न वाजला.

"अक्का, तिथे अजून एक ओळ आहे. चिंचेपासून अकरा पावलांवर सुरू होते आणि पडक्या विहिरीच्या रोखानं जाते. नकाशात नाही ती. नंतर, घाईत, एका दुपारी घातलेली."

तवमलरनं चिंचेकडे वळून पाहिलं. तीन-चार वेळा ती त्या चिंचेखालून, अंगरख्याशिवाय, काठ्या खांद्यावर टाकून चालली होती.

"तुला कसं माहीत?"

"ते विचारू नका."

"मी गटप्रमुख आहे. मीच विचारणार."

"तुम्ही विचारलंत तर मला सांगावं लागेल," नकुला म्हणाली. तिचा आवाज एकसुरी होता, पाठ केलेलं म्हटल्यासारखा. "आणि मी सांगितलं की ते तुम्हालाही माहीत होतं असं होईल. मग तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही काय कराल? म्हणून मी काठ्याच हलवल्या. म्हटलं, कुणीतरी वैतागून एकदा तिथे तपासेल. नाहीतर निदान त्या शेळ्या तरी लांब राहतील."

"आणि तो मोटरसायकलवाला? शुक्रवारी त्याच्याशी काय बोलत होतीस?"

"तो बोलत होता. मी उभी होते. त्यानं विचारलं, मावशी वावुनियाला कुठल्या गल्लीत राहते." नकुलानं बाहीनं तोंड पुसलं. "त्यानं तेच दोनदा विचारलं."

बसमध्ये तवमलर खिडकीशी बसली खरी, पण रस्ता तिला दिसला नाही. हे सगळं खरं असेल, तर ही मुलगी संघटनेतली. नुसती संघटनेतली नाही, सुरुंग पुरणारी. त्या बाह्यांखाली जखमांचे वण असणार. यादीत नाव न देता बाहेर राहिलेली. आणि खोटं असेल तर? इस्त्रीच्या शर्टानं पढवून पाठवलेली असेल तर? अशी बाई नेमकी हेच सांगेल. गुपित म्हणून चिमूटभर काहीतरी देईल आणि बघेल, समोरचा काय करतो. सरांना जाऊन सांगावं, तर नकुलाचं नाव घ्यावं लागणार. आणि नाव न घेता सांगावं, तर तुला कसं माहीत हा प्रश्न आपल्याकडे वळणार. न नोंदलेल्या ओळीचा पत्ता बाळगणारी बाई कोण असते, हे विचारायला माणूस मोटरसायकलवरून येईल.

काहीच बोललं नाही, तर शनिवारी ट्रॅक्टर येणार होताच.

घरी आल्यावर तिनं कुगनला नकुलाचं नाव सोडून सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण गोष्ट अर्धी झाल्यावर कुगन हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "ती काठ्यावाली?"

तवमलर हातातली पिशवी खुंटीला अडकवायला वळली.

"म्हणजे ती इथे होती. या बांधावर." तो आपल्या तुटक्या पायाकडे बघत नव्हता, समोरच्या चाकाकडे बघत होता. चाक अजून फिरत होतं. "माझा पाय गेला तो पुलाजवळ. पूल आणि चिंच यांत अंतर किती? एक हाक मारण्याएवढं. बांध तोच."

"कुगन, पुलाजवळचे कुणी पुरले ते कुणाला ठाऊक? दोन्ही बाजूंनी पुरले होते."

"मी कुठे काय म्हटलं?"

त्या रात्री तो जेवला नाही. तवमलरनंही आग्रह केला नाही. सकाळी ती निघाली तेव्हा तो आधीच सदरा घालून, कुबड्या काखेत घेऊन दारात उभा होता.

"मी येतो बसमध्ये. तुमच्या सरांना भेटायचंय."

"काय सांगणार आहेस?" तिनं विचारलं. नाव सांगून मोकळं व्हायचं त्यानं ठरवलं असेल तर त्याला अडवायचा कुठला अधिकार होता तिला?

"बघ तू," एवढंच तो म्हणाला. वाटेत तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

मासिलामणी सर जीपजवळ नकाशा पसरून बसले होते. कुगन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. बायका अंगरखे चढवता चढवता थांबल्या. त्यांच्यात नकुलाही होती. कुगननं एकदा तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तो सरांकडे वळला.

"सर, मी तवमअक्काचा भाऊ. माझा पाय पुलाजवळ गेला असं तुमच्या कागदात लिहिलंय. ते खोटं आहे. तो गेला त्या चिंचेपलीकडे."

"काय?" सर उठले. "मग पुलाजवळ का सांगितलंस?"

"अप्पूंच्या रानात चोरून गुरं चारत होतो. बातमी फुटली असती तर त्यांनी दुसराही पाय मोडला असता."

शेळ्या चारायला आलेले अप्पू उसळले. "माझ्या रानात! चोरून! अरे, तरीच माझा वैरणीचा तुकडा साफ झाला होता! मी बिचाऱ्या पाठच्या शेजाऱ्याला शिव्या घातल्या!"

बायकांना हसू आवरेना. सरांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र सुटल्या नाहीत. एक सुरुंग फुटला असेल तर तिथे दुसरा असू शकतो, हा नियमच होता. तवमलरला हायसं वाटलं ते क्षणभरच, कारण तेवढ्यात तिची नजर पत्मावर गेली. पत्मा हसत नव्हती. कुगनला पुलाजवळून उचलून ज्या ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं, तो पत्माच्या दिराचा होता. पत्मा स्वतः मागे बसली होती. आपल्या साडीचा पदर फाडून तिनंच मांडी बांधली होती.

जिला कधी तोंड बंद ठेवणं जमलं नव्हतं, ती पत्मा आता कुगनकडे, मग तवमलरकडे, मग सावकाश नकुलाकडे बघत होती.

सरांनी शनिवारचा ट्रॅक्टर थांबवला. लाल काठ्या नियमानं चिंचेपलीकडे गेल्या, आणि शुक्रवारपासून त्या नव्या पट्ट्यात तीन बायका कामाला लागल्या. त्यातली एक नकुला.

पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी एक गंजका पत्रा आणि एका चपलेचा तळ निघाला. सोमवारी अकरा पावलांची खूण मागे पडली, तिथेही माती कोरीच. अप्पू रोज सावलीत बसून सरांना ऐकवायचे, "पायाचं खोटं सांगणारा पोरगा, त्याच्या शब्दावर माझा हंगाम घालवा!" सर तवमलरशी बोलेनासे झाले. मोटरसायकल दोनदा रस्त्यावरून गेली. दुसऱ्या खेपेला ती थांबली. इस्त्रीच्या शर्टातला माणूस गाडीवर बसूनच काम बघत राहिला, आणि पत्मा डबा धुवायचं निमित्त करून त्याच्याजवळून गेली. तो काहीतरी म्हणाला. पत्मा थांबून बोलली. हात हलवून, नेहमीसारखी, पुष्कळ बोलली.

तवमलरचं त्या दिवशी कामात लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत तिनं नकुलाला बाजूला घेतलं. "तू मला फसवलंस का? खरं सांग. माझ्या भावानं सगळ्यांसमोर खोटं अंगावर घेतलंय."

नकुलाच्या काचेवर धूळ बसली होती. तिनं ती पुसली. "मधे दोनदा पूर येऊन गेला अक्का. माती सरकते. ओळ पुढे असेल."

"किंवा नसेल."

"किंवा नसेल," ती म्हणाली. "मलाही आता रात्री वाटतं, मी चूक तर मोजलं नाही? तेव्हा संध्याकाळ होत आली होती."

मंगळवारी साडेआठला शिट्टी वाजली. शिट्टी नकुलाच्या पट्ट्यातून नाही, शेजारच्या पट्ट्यातून, पत्माकडून आली. दाताळ्याच्या दातांखाली हिरवट, बशीएवढी कड दिसत होती. ठरवून दिल्याप्रमाणे सगळ्या मागे सरकल्या, सर पुढे गेले, वाकले आणि हात वर केला. चिंचेपासून तेरा-चौदा पावलं.

मग एकापाठोपाठ एक निघत गेले. पडक्या विहिरीच्या रोखानं, दोन हातांच्या अंतरानं. आठवड्याअखेर सतरा. शेवटचा निघाला तो अप्पूंच्या शेळ्यांच्या पायवाटेला अगदी लागून. अप्पू तो बघायला काठ्यांपर्यंत आले, बघितला, आणि त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताडाच्या गुळाची ढेप कुगनच्या दुकानात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी गुरं चारायची तर विचारून चार." कुगननं ढेप घेतली.

पत्माचं काय, हा प्रश्न तवमलरला झोपू देत नव्हता. शेवटी तिनं बसमध्ये तिच्या शेजारी जागा धरली आणि गाडीच्या खडखडाटात विचारलं, "त्या माणसाला काय सांगितलंस?"

"कुठल्या माणसाला?"

"पत्मा."

"अगं, त्यानं विचारलं, तो लंगडा कुठे उडाला होता. मी म्हटलं, साहेब, आमच्या गावात इतके लंगडे आहेत, कोण कुठे उडाला हे लक्षात ठेवायला वही ठेवावी लागेल. मग त्याला माझ्या गुडघेदुखीचं सांगितलं. मग जावेचं. तोच गाडी सुरू करून पळाला." पत्मानं गुळाचा खडा तोंडात टाकला. "मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही तवम. नवरा कुठल्या तारखेला गेला तेही धड आठवत नाही. तुझ्या भावाचा पूल कुठून आठवणार?"

तवमलरनं तिचा हात धरायला हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. पत्मा हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. ती हे कुणासाठी गिळत होती, कुगनसाठी, नकुलासाठी, की आपल्याच घरातल्या कुणासाठी? आणि किती दिवस? त्या बसमध्ये विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

रविवारी नकुला घरी आली. न सांगता आली आणि दारातच उभी राहिली. कुगन एका पोराच्या सायकलीची साखळी बसवत होता. ती पूर्ण बसवून, पोराला पाठवून दिल्यावर त्यानं मान वर केली.

"बसा," तो म्हणाला.

तवमलरनं आतून चहा आणला. तिघांपैकी कुणीच तो उचलला नाही.

"पुलाजवळचे आमच्या तुकडीनं पुरले की नाही, मला माहीत नाही," नकुला म्हणाली. "मी पुलाकडे गेले नव्हते. पण नव्हतेच गेले अशी शपथही मी घेऊ शकत नाही. त्या महिन्यात आम्ही खूप ठिकाणी गेलो. रात्रीचे नेत होते. कुठे, ते सांगत नव्हते. हे सांगायला आले."

कुगन हातावरचं तेल फडक्याला पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"मी अप्पूंच्या ट्रॅक्टरवाल्यासाठी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्याला दोन लहान मुली आहेत. तुमच्यासाठी नाही बोललो. एवढं लक्षात ठेवा."

"हो."

"चहा घ्या. गार होतोय. आणि पुन्हा घरी येऊ नका."

नकुलानं चहा घेतला, सगळा प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि गेली. तवमलर तिला वाटेपर्यंत पोचवायला गेली नाही. जावं असं वाटलं, पण शेजारची बाई कुंपणाशी उभी राहून कोण आलं होतं ते बघत होती.

नकुला त्या रानातलं काम संपेपर्यंत गटात राहिली. कार्तिकात, त्या मुलखातला पाऊस सुरू झाल्यावर, संस्थेनं तिला आणि आणखी दोघींना मुल्लैतीवूकडच्या किनाऱ्यावर नव्या रानात पाठवलं. जाताना तिनं पत्ता दिला नाही आणि तवमलरनं मागितला नाही. पुढच्या महिन्यात इस्त्रीच्या शर्टातला माणूस कुगनच्या दुकानात हवा भरायला थांबला. हवा भरता भरता सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, ती लांब बाह्यांची मुलगी कुठे गेली?

"आमच्याकडे फक्त सायकली येतात साहेब," कुगन म्हणाला आणि पंप मारत राहिला. "हवा पुरे झाली का बघा."

आत चुलीशी बसलेल्या तवमलरनं कढईतला पळा तसाच हातात धरून ठेवला. मोटरसायकल सुरू झाली, चौकाकडे गेली आणि आवाज विरला, तरी ती कानोसा घेत राहिली. पत्माच्या घराकडे वळणारा रस्ताही त्याच चौकातून जात होता.